बिनमालकाचा संघ

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका फुटबॉल संघाने शेअर विकायला काढले. एका शेअरची किंमत ३०० डॉलर. सोबतच्या माहितीपत्रातच बजावून ठेवले होते, की यावर लाभांश मिळणार नाही, शेअरचा भाव वाढणार नाही, तो बाजारात विकता येणार नाही, तेव्हा नफ्याच्या आशेने कुणी पैसे घालू नयेत. सामन्याच्या तिकिटात सवलत नाही की रांगेत पुढचा नंबर नाही. आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या सभासदाला निदान दिवाळीला स्वस्तात साखर तरी मिळते. इथे हाती येतो तो भिंतीवर लावायचा एक कागद, संचालक निवडताना मत देण्याचा हक्क आणि वार्षिक सभेचे बोलावणे. तरीही फेब्रुवारीअखेर पावणेदोन लाख नवे भागधारक झाले आणि संघाकडे साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम जमली.

हा संघ म्हणजे विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या गावाचा ‘पॅकर्स’. २०२० च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या १ लाख ७ हजार. कागदाच्या गिरण्या, मांस डबाबंद करण्याचा जुना धंदा, मिशिगन सरोवराचा काठ आणि हाडे गोठवणारी थंडी, एवढीच या गावाची मिळकत. जवळचे मोठे शहर मिलवॉकी, तेही पावणेदोनशे किलोमीटरहून दूर. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात इतक्या लहान गावाचा संघ दुसरा नाही. आणि नॅशनल फुटबॉल लीगची, म्हणजे एनएफएलची, सर्वाधिक म्हणजे १३ विजेतेपदे याच संघाच्या नावावर आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये नियमित हंगामातल्या एकूण विजयांतही त्याने आपल्या जुन्या वैऱ्याला, शिकागो बेअर्सला, मागे टाकले. बाकीचे ३१ संघ कुणा ना कुणा धनाढ्य माणसाचे वा घराण्याचे आहेत. पॅकर्सला मालकच नाही. आज त्याचे ५ लाख ३७ हजारांहून अधिक भागधारक आहेत आणि त्यांतल्या कुणालाही ठरावीक मर्यादेपलीकडे शेअर घेता येत नाहीत.

गाव मालक आहे म्हणून संघ टिकला, असे या संघाबद्दल नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. टिकणे आणि जिंकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पॅकर्सच्या शंभर वर्षांत त्या दोन्हींची कारणे वेगवेगळी निघतात.

आधी टिकण्याची गोष्ट. १९१९ च्या ऑगस्टमध्ये कर्ली लॅम्बो नावाच्या २१ वर्षांच्या पोराने जॉर्ज कॅलहून या वार्ताहराच्या साथीने संघ उभा केला. लॅम्बो ‘इंडियन पॅकिंग कंपनी’त नोकरीला होता. कंपनीने गणवेशासाठी ५०० डॉलर दिले आणि संघाला ‘पॅकर्स’ हे नाव चिकटले. कंपनी लवकरच गेली, नाव राहिले. १९२१ मध्ये संघ नव्या लीगमध्ये, म्हणजे आजच्या एनएफएलमध्ये, शिरला. त्या काळी ही लीग म्हणजे लहान गावांचीच पंगत होती : कँटन, डिकेटर, पोर्ट्समथ, पॉट्सव्हिल. एकेक करून ही गावे गळाली. डिकेटरचा संघ शिकागोला गेला आणि ‘बेअर्स’ झाला, पोर्ट्समथचा १९३४ मध्ये डेट्रॉइटला गेला. ज्याच्या हाती संघ होता त्याला मोठ्या शहरात जास्त पैसा दिसला, की तो गाशा गुंडाळून निघे. यात त्याची चूक म्हणता येणार नाही, धंदा तो धंदा.

ग्रीन बेमध्येही पैशाची ओढाताण तीच होती. १९२३ मध्ये स्थानिक वर्तमानपत्राचे प्रकाशक अँड्र्यू टर्नबुल आणि गावातली आणखी काही वजनदार मंडळी पुढे सरसावली आणि ५ डॉलरचा एक असे १००० शेअर विकून संघाची ना-नफा संस्था केली. ही मंडळी सतत कुणाकडे ना कुणाकडे हात पसरत, म्हणून गावाने त्यांना ‘हंग्री फाइव्ह’, म्हणजे भुकेले पाच जण, असे नाव ठेवले. पण त्यांनी घटनेत घातलेले एक कलम फार दूरचे पाहणारे ठरले. संघ कधी विकला गेला, तर देणी भागवून उरलेला सगळा पैसा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या गावातल्या शाखेला जावा आणि त्यातून सैनिकांचे स्मारक उभारावे, असे ते कलम. म्हणजे संघ विकून कुणाच्याही खिशात एक डॉलर पडण्याची सोयच नाही. जे विकून काहीच मिळत नाही, ते विकायला कोण जाईल? १९९७ मध्ये हे कलम बदलले आणि सैनिक-स्मारकाच्या जागी पॅकर्सचीच धर्मादाय संस्था आली. तत्त्व मात्र तेच राहिले.

त्यानंतर संघ मरणाच्या दारातून परत आला तो एकदा नव्हे. १९३१ मध्ये एक प्रेक्षक बाकांवरून खाली पडला, त्याने दावा लावला, नुकसानभरपाई द्यायची तर विमा कंपनीच बुडालेली. संघ न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेला. १९३५ मध्ये पुन्हा शेअर विकून सुटका झाली. १९५० मध्ये तिसऱ्यांदा तेच. पुढे १९९७, २०११ आणि २०२१ च्या विक्री झाल्या, पण त्या स्टेडियमच्या बांधकामासाठी. पहिल्या तीन विक्री मात्र जीव वाचवण्यासाठी होत्या.

१९५६ मध्ये प्रश्न आला मैदानाचा. जुने मैदान शाळेला लागून, लाकडी बाकांचे. लीगमधले इतर संघ तिथे यायला नाखूश. नवे स्टेडियम बांधायला ९ लाख ६० हजार डॉलरचे कर्जरोखे काढायचे की नाही, यावर गावाने मतदान घेतले. मतदानाच्या आधी प्रचारसभेला खास शिकागोहून एक माणूस आला : जॉर्ज हॅलस, बेअर्सचे मालक. ज्या संघाशी दरवर्षी हाडवैराने सामना व्हायचा, त्याच्या गावात उभे राहून हॅलस यांनी लोकांना स्टेडियमच्या बाजूने मत द्यायला सांगितले. यात उदारपणा किती आणि व्यवहार किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते व्यवहारच जास्त, पण शहाणा व्यवहार. प्रतिस्पर्धी उरला नाही तर आपला सामना पाहायला कोण येणार, हे त्या माणसाला कळत होते. ठराव दोनास एकपेक्षा मोठ्या फरकाने मंजूर झाला. १९५७ च्या सप्टेंबरात ३२,५०० जणांचे स्टेडियम उघडले आणि पहिल्याच सामन्यात पॅकर्सने हॅलस यांच्याच बेअर्सला २१–१७ असे हरवले.

ही समज पुढे सगळ्या लीगच्या हिशेबात उतरली. दूरचित्रवाणीचा पैसा येऊ लागला, तेव्हा प्रत्येक संघ आपापले हक्क वेगळे विकत असे. न्यूयॉर्कच्या संघाला ग्रीन बेच्या कितीतरी पट भाव मिळणार हे उघड होते. लीगचे तरुण आयुक्त पीट रोझेल यांनी सगळ्यांचे हक्क एकत्र विकून पैसा समान वाटण्याची कल्पना मांडली. न्यूयॉर्क जायंट्सचे मारा बंधू आणि शिकागोचे हॅलस यांनी स्वतःचे नुकसान डोळ्यांसमोर असताना तिला मान्यता दिली. १९६१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तसा कायदा केला, आणि १९६२ पासून सीबीएस या वाहिनीने लीगला वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलर द्यायचे ठरले. १४ संघ होते, प्रत्येकाच्या वाट्याला सारखेच ३ लाख ३० हजारांच्या आसपास आले. ग्रीन बेला न्यूयॉर्कइतकेच. आज ही रक्कम कुठे गेली आहे पाहा : मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात लीगच्या सामायिक उत्पन्नातून पॅकर्सला ४३ कोटी २० लाख डॉलरहून अधिक मिळाले. त्यांच्या एकूण उत्पन्नाचा हा अर्ध्याहून मोठा भाग.

वाटणी फक्त पैशाची नाही. दरवर्षी महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड, म्हणजे ‘ड्राफ्ट’, १९३६ पासून अशा क्रमाने होते, की मागच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिला नंबर मिळतो. १९९४ पासून खेळाडूंच्या पगारावर एकूण मर्यादा आहे. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स ठरलेली असते, त्याच जातीची. भांडवलशाहीच्या पंढरीत सर्वांत लोकप्रिय खेळ समाजवादी हिशेबाने चालतो, ही गंमत अमेरिकन लोक स्वतःही सांगतात.

पण याचा दुसरा अर्थ असा, की या लीगमध्ये सतत जिंकणे मुद्दाम अवघड केले आहे. पैसा सगळ्यांकडे सारखा, पगाराला छप्पर सारखे, आणि जिंकलात की ड्राफ्टमध्ये शेवटी उभे राहायचे. मग पॅकर्स जिंकतात कसे?

त्यांच्या इतिहासात बहराचे तीन काळ आहेत. पहिला लॅम्बोचा : १९२९ ते १९४४ मध्ये सहा विजेतेपदे. तो खेळाडू, प्रशिक्षक आणि खेळाच्या बाबतीत सर्वेसर्वा होता. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्याचे संचालकांशी फाटले आणि १९५० च्या सुरुवातीला तो गेला. मग समितीचा कारभार सुरू झाला. गावातले वकील, डॉक्टर, व्यापारी सोमवारी बसून रविवारच्या सामन्याचा पंचनामा करत आणि प्रशिक्षकाला जाब विचारत. १९५८ च्या हंगामात संघाने १२ पैकी एक सामना जिंकला, १० हरला, एक बरोबरीत सुटला.

१९५९ मध्ये आले व्हिन्स लोम्बार्डी, न्यूयॉर्क जायंट्सचे साहाय्यक. त्यांनी प्रशिक्षकपदाबरोबर महाव्यवस्थापकपदही मागून घेतले आणि समितीला पहिल्याच भेटीत समज दिली, की इथे हुकूम माझा चालेल. समितीने ऐकले. गंमत म्हणजे खेळाडू बरेचसे जुनेच होते. जॅक व्हॅनिसी या तरुण निवडकाने ते आधीच हेरून ठेवले होते. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन डाव चालवणारा मुख्य खेळाडू, बार्ट स्टार हा तर १९५६ च्या ड्राफ्टमध्ये सतराव्या फेरीत, २०० व्या क्रमांकावर उचललेला. व्हॅनिसी १९६० मध्ये ३३ व्या वर्षी वारला आणि त्याचे नाव मागे पडले. कीर्ती लोम्बार्डींची झाली. ती त्यांनी कमावलीही : सात वर्षांत पाच विजेतेपदे, त्यांत पहिले दोन सुपर बाउल, म्हणजे या खेळातले सर्वोच्च सामने. सुपर बाउलच्या विजेत्याला दिला जाणारा चषक आज त्यांच्या नावाचा आहे.

त्यांचा संघ कसा होता हे एका सामन्यातून कळते. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे, लीगचा अंतिम सामना, समोर डॅलस काउबॉइज. तापमान शून्याखाली २५ अंश सेल्सियस. त्याच वर्षी मैदानाखाली बसवलेली तापवायची विद्युत यंत्रणा ऐनवेळी निकामी झाली आणि जमीन बर्फाच्या लादीसारखी झाली. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटून कातडी निघू लागली, तेव्हा त्यांनी शिट्ट्या सोडून ओरडून निर्णय दिले. पन्नास हजार लोक बसून होते. शेवटची पाच मिनिटे उरली असताना पॅकर्स १४–१७ असे मागे, आणि गोलरेषा ६८ यार्ड दूर. स्टारने घसरत-सावरत संघाला रेषेपासून हातभर अंतरावर आणले. १६ सेकंद शिल्लक, वेळ थांबवण्याची शेवटची संधीही वापरून झालेली. चेंडू लाथेने खांबांतून मारला असता तर बरोबरी झाली असती आणि सामना लांबला असता. स्टारने बाजूला जाऊन लोम्बार्डींना सांगितले, की धावणाऱ्याचे पाय घसरताहेत, मी स्वतःच घुसतो. डाव फसला असता तर घड्याळ संपले असते. त्याने पुढच्या फळीतल्या जेरी क्रेमरच्या आडोशाने स्वतःला झोकून दिले आणि पॅकर्सने २१–१७ ने सामना जिंकला. सहकाऱ्यांनाही ठाऊक नव्हते, की चेंडू स्टारच्याच हाती राहणार आहे. ‘आइस बाउल’ या नावाने हा सामना आजही ओळखला जातो. ज्यांना अमेरिकन फुटबॉलचे नियम कधीच कळणार नाहीत, त्यांनीही त्याची जुनी चित्रफीत एकदा पाहावी.

यानंतर महिनाभरात लोम्बार्डींनी प्रशिक्षकपद सोडले, आणि संघ २४ वर्षे अंधारात गेला. १९६८ ते १९९१ या २४ हंगामांत पॅकर्स बाद फेरीत पोहोचले फक्त दोनदा. आणि मला या सगळ्या कथेत हाच भाग सर्वांत बोलका वाटतो. गावाची मालकी तीच होती, दूरचित्रवाणीचा पैसा सारखाच मिळत होता, स्टेडियम प्रत्येक हंगामात भरत होते. तळाला राहिल्यामुळे ड्राफ्टमध्ये वरचे नंबरही मिळत होते. टिकण्याची सगळी कारणे जागेवर होती, तरी जिंकणे नव्हते.

त्या काळाचा नमुना म्हणून एकच व्यवहार सांगतो. ऑक्टोबर १९७४. प्रशिक्षक आणि महाव्यवस्थापक डॅन डिव्हाइन यांच्याकडे चांगला क्वार्टरबॅक नव्हता आणि नोकरी धोक्यात होती. त्यांनी लॉस एंजेलिस रॅम्सकडून जॉन हॅडल घेतला. वय ३४. बदल्यात पुढच्या दोन वर्षांतले ड्राफ्टचे पाच हक्क दिले : पहिल्या फेरीतले दोन, दुसऱ्यातले दोन, तिसऱ्यातला एक. हॅडलने पॅकर्सकडून गुण मिळवून देणारे ९ टचडाउन पास दिले आणि २९ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती घातला. डिव्हाइन तो हंगाम संपताच निघून गेले. भुर्दंड पुढच्यांनी भरला. मग गावाने बार्ट स्टारलाच प्रशिक्षक केले, नऊ वर्षे ठेवले. लाडक्या नायकाला नाही कोण म्हणणार? बिनमालकाच्या संस्थेचा हा खास रोग आहे. घाई झालेल्या माणसाला रोखणारा कुणी नाही आणि लाडक्याला काढणाराही कुणी नाही.

बदल घडला तो १९८९ मध्ये बॉब हार्लन अध्यक्ष झाल्यावर. हार्लन कार्यालयात वर्षानुवर्षे काम केलेले, समितीची नस ओळखणारे गृहस्थ. नोव्हेंबर १९९१ मध्ये त्यांनी रॉन वुल्फ यांना महाव्यवस्थापक नेमले आणि कार्यकारी समितीकडून कबूल करून घेतले, की खेळाडू आणि प्रशिक्षक यांबाबत वुल्फ यांचा शब्द अखेरचा, समितीने त्यात तोंड घालायचे नाही. कागदावर ही किरकोळ गोष्ट. पण लोम्बार्डींनी दरडावून मिळवलेले अधिकार इथे पदाला जोडले गेले, व्यक्ती गेली तरी ते राहणार होते.

वुल्फ यांचे पहिले मोठे पाऊल लोकांना वेडेपणाचे वाटले. अटलांटा संघात ब्रेट फार्व्ह नावाचा राखीव क्वार्टरबॅक होता. पहिल्या हंगामात त्याने चार पास टाकले, एकही आपल्या खेळाडूकडे पोहोचला नाही, दोन प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. वुल्फ यांनी त्याच्यासाठी पहिल्या फेरीतला हक्क मोजला. फार्व्हने पुढे लागोपाठ तीन वर्षे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि १९९६ च्या हंगामात सुपर बाउल आणला. १९९३ मध्ये करारमुक्त झालेल्या खेळाडूंना संघ निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा सर्वांत मोठा बचावपटू रेगी व्हाइट या आडगावी आला. चार वर्षांचे १ कोटी ७० लाख डॉलर हे त्याचे एक कारण होतेच, पण त्यामुळे गोठलेल्या गावात कुणी येत नाही ही समजूतही मोडली.

खरी कसोटी २००५ ची. फार्व्ह ३५ वर्षांचा, अजून लोकप्रियतेच्या शिखरावर. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत २४ व्या नंबरपर्यंत ॲरन रॉजर्स शिल्लक राहिला आणि नवे महाव्यवस्थापक टेड थॉम्पसन यांनी त्याला उचलले. त्याची त्या क्षणी गरज नव्हती. तीन वर्षे तो बाकावर बसला. २००८ मध्ये फार्व्हने निवृत्ती जाहीर केली, मग विचार बदलला. गाव उभे दुभंगले, आणि थॉम्पसन यांनी फार्व्हला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवले. स्वतः पैसा ओतलेला, गर्दीच्या घोषणा ऐकणारा मालक असता तर हा निर्णय झाला असता का, याची मला शंका आहे. रॉजर्सने २०१० च्या हंगामाचा सुपर बाउल जिंकला, चार वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२० मध्ये तो ३६ वर्षांचा असताना संघाने पुन्हा तेच केले : जॉर्डन लव्हला पहिल्या फेरीत घेतले, तीन वर्षे बसवले, २०२३ मध्ये रॉजर्सला जेट्सकडेच धाडून त्याला मैदानात उतरवले. लव्हने पहिल्याच हंगामात संघाला बाद फेरीत नेले. इतर संघ एका चांगल्या क्वार्टरबॅकच्या शोधात दशके घालवतात. इथे वारस आधी आणला जातो, गादी नंतर रिकामी होते. १९९२ ते २०२४ या ३३ हंगामांपैकी २४ हंगामांत पॅकर्स बाद फेरीत होते. आधीच्या २४ हंगामांतल्या दोनशी हे ताडून पाहावे.

म्हणून या संघाला लोकशाहीचा नमुना म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. भागधारक संचालक निवडतात, संचालक कार्यकारी समिती निवडतात, समिती अध्यक्ष नेमते, अध्यक्ष महाव्यवस्थापक नेमतो. प्रत्येक पायरीवर वरच्याला सोपवले की खालच्याने गप्प बसायचे. लोकांची मालकी आहे आणि लोकांचा हस्तक्षेप नाही, ही जोडी जमली तेव्हा संघ जिंकला. अध्यक्षालाही वयाच्या ७० व्या वर्षी पायउतार व्हावेच लागते. जुलै २०२५ मध्ये मार्क मर्फी याच नियमाने गेले आणि एड पॉलिसी आले.

गावाला मात्र या कारभाराची फिकीर नसते. हिवाळ्यात स्टेडियमच्या बाकांवरचा बर्फ उपसायला तासाच्या मजुरीवर माणसे हवी असल्याचे जाहीर झाले, की पहाटेपासून फावडी घेऊन रांग लागते. उन्हाळी सरावात खेळाडू स्टेडियमपासून सरावाच्या मैदानापर्यंत गावातल्या पोरांच्या सायकलींवर जातात. दीडशे किलोचा गडी लहानग्या सायकलवर गुडघे पसरून बसतो आणि सायकलचा मालक त्याचे शिरस्त्राण छातीशी धरून शेजारून पळतो. १९६० पासून प्रत्येक हंगामाची तिकिटे संपलेली आहेत. हंगामी तिकिटाच्या प्रतीक्षायादीत १ लाख ४० हजारांहून अधिक नावे आहेत, त्यांत जन्मताच घातलेली बाळांचीही.

कौतुक पुरे, एक हिशेब उरतो. फार्व्ह आणि रॉजर्स यांच्यासारखे दोन क्वार्टरबॅक पाठोपाठ ३१ हंगाम लाभले, आणि सुपर बाउल जिंकले फक्त दोन. त्याच काळात टॉम ब्रेडी या प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकने एकट्याने सात जिंकले. पॅकर्सची सावध चाल संघाला पडू देत नाही, पण सर्वस्व पणाला लावून एक हंगाम खेचून आणण्याची भूकही त्या चालीत कमी आहे, असे टीकाकार म्हणतात. मला ते पटते. २०१८ मध्ये मर्फी यांनी महाव्यवस्थापकाचे अधिकार तोडून तीन माणसांना थेट स्वतःच्या हाताखाली घेतले, तेव्हा हार्लन यांनी बसवलेली घडीही थोडी विस्कटली होती.

यातला पैशाचा भाग पडताळून पाहण्याची सोय आहे. बाकी ३१ संघांचे हिशेब त्यांच्या मालकांच्या कपाटात असतात. पॅकर्सना मात्र आपला ताळेबंद दरवर्षी भागधारकांपुढे ठेवावा लागतो, आणि एनएफएलच्या पैशाचे गणित ज्यांना जाणून घ्यायचे असते ते पत्रकार दर जुलैमध्ये त्याचीच वाट पाहतात. खेळापेक्षा खेळामागच्या व्यवहारात रस असणाऱ्या वाचकाने तो एकदा जरूर वाचावा.